‘शॅल’ म्हणजे देणे

दिवाळी अंकात व्याकरण! मथळा वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मी धरूनच चालले आहे. फराळाची बशी पुढ्यात घेऊन निवांत टेकलेल्या माणसाला कुणी इंग्रजी साहाय्यक क्रियापदे वाढावी, हा काही शिष्टाचार नव्हे. पण ज्या दोन शब्दांवरून मला आज भांडायचे आहे, ते तुमच्या घरात केव्हाच येऊन बसले आहेत. ‘विल’ तर आपल्याकडे नाम होऊनच आले. ‘तात्यांनी विल केलं होतं का हो?’ एवढ्या एका प्रश्नाने तेराव्याच्या पंगतीत सख्ख्या भावांचे घास कसे अडकतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या शब्दाची ओळख मी काय करून द्यावी! ‘शॅल’ मात्र असा राजरोस घरात शिरत नाही. तो कायद्याच्या कलमांत बसतो, आणि तुमच्या नातवाला शाळा मिळायची की नाही, हे तिथे बसून ठरवतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ह्या दोन शब्दांमधला जो भेद आपल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतला, तो बहुतांशी लटका होता. आणि जो भेद खरा होता, ज्याच्यावर माणसांचे हक्क अवलंबून असतात, तो कुणी शिकवलाच नाही.

घोकलेला नियम आठवतो ना? निव्वळ भविष्यकाळ सांगायचा असेल तर ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’. निश्चय, वचन, आज्ञा किंवा धमकी असेल तर सगळे उलट: ‘मी’पुढे ‘विल’, आणि ‘तू’, ‘तो’, ‘ते’ यांच्यापुढे ‘शॅल’. म्हणजे एकच शब्द पहिल्या पुरुषात गरीब गाय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात शिंगे रोखलेला बैल! तर्खडकरांच्या पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले त्यांना हे ठाऊक आहे, आणि ‘रेन अँड मार्टिन’वर ज्यांचे पोसले त्यांनाही. (हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते, आणि पुढे १९२४ मध्ये ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातल्या सैनिकांची कादंबरी लिहून त्यांनी नाव मिळवले. कादंबरीतल्या शिपायांचे हाल वाचून युरोपातले वाचक हळहळले. व्याकरणातल्या हालांची दाद घ्यायला कोणी नव्हते.) त्या पुस्तकाच्या सुधारित आवृत्तीत आता कबूल केले आहे, की ‘मी’पुढे ‘शॅल’ पूर्वीइतका चालत नाही. कबुली आली खरी, पण कितीतरी पिढ्यांचे गुण कापून झाल्यावर.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. तिने निबंधात लिहिले, ‘पुढच्या महिन्यात मी चौदा वर्षांची होईन,’ आणि तिथे घातले ‘आय विल’. मास्तरांनी तिला उभे केले. मास्तर स्वभावाने प्रेमळ होते, पण व्याकरण आले की त्यांच्या अंगात यायचे. ते म्हणाले, ‘काय गं, चौदा वर्षांची होण्याचा तू निश्चय केला आहेस काय? आणि निश्चय मोडलास तर तेरावरच राहशील?’ वर्ग खो खो हसला. ती रडवेली होऊन खाली बसली. आज तिची नातवंडे परदेशात आहेत आणि तिथली इंग्रजी पोरे वाढदिवसाआधी ‘आय विल बी फोर्टीन’ असेच म्हणतात. कोणी हसत नाही.

पुढे मी स्वतः चौतीस वर्षे हायस्कुलात इंग्रजी शिकवले. ‘हा नियम परीक्षेपुरता पाठ करा आणि बोलताना खुशाल विसरा,’ असे मी वर्गात उघड सांगत असे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या कानावर हे पडले, आणि ‘व्याकरणाविषयी विद्यार्थ्यांच्या मनात अनादर उत्पन्न करतात’ असा शेरा माझ्या नावावर बसला. शेरा मी जपून ठेवला आहे. पण माझे म्हणणे अनादराचे नव्हते. नियम कुठून आला याची चौकशी करणे हा अनादर असेल, तर सगळी विद्याच अनादर आहे.

तर चौकशी करू. ह्या नियमाला नीट आकार दिला जॉन वॉलिस ह्या इंग्रजाने, १६५३ साली. हा मूळचा गणिती. ऑक्सफर्डला भूमितीचा प्राध्यापक होता. अनंतासाठी आपण जे आडव्या आठासारखे चिन्ह काढतो ते छापात प्रथम आणले ते त्यानेच. अशा माणसाने इंग्रजी भाषेचे व्याकरण लिहिले, आणि लिहिले लॅटिनमध्ये! कारण ते इंग्रजांसाठी नव्हतेच. ‘शॅल’ कुठे आणि ‘विल’ कुठे हे परक्यांना उमगत नाही, म्हणून त्याने कोष्टक घालून दिले: पहिल्या पुरुषात ‘शॅल’ केवळ भाकीत करतो आणि ‘विल’ वचन देतो किंवा धमकावतो, दुसऱ्या-तिसऱ्या पुरुषात उलट. गणित्याला कोष्टक आवडणारच. वॉलिस जन्माने केंट परगण्यातला, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यातला. त्या कोपऱ्यातल्या बोलण्याची एक लकब त्याने टिपली. पुढे १७६२ मध्ये बिशप लाउथ यांनी ती आपल्या व्याकरणात घेतली, १७९५ मध्ये लिंडले मरे यांनी शाळेच्या पुस्तकात घातली, आणि मग ती साम्राज्याबरोबर जहाजात बसून निघाली. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांनी तिला कधी नीट घरात घेतले नाही. अमेरिकेने तर दारातूनच परत लावले. आपण मात्र पाट मांडून, रांगोळी घालून तिची प्रतिष्ठापना केली.

१९०६ साली फाउलर बंधूंनी शुद्ध इंग्रजीवर एक मातबर पुस्तक लिहिले. त्यांत ह्या दोन शब्दांवर पानेच्या पाने खर्ची घातली, आणि मतलब काय सांगितला? की दक्षिणेकडच्या इंग्रजांना हा वापर जन्मतः येतो, आणि तिथे जन्म न घेतलेल्याला तो साधणे जवळजवळ अशक्य. वाचकहो, ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. भाषेचे न्यायमूर्ती सांगताहेत की ही विद्या शिकवून येत नाही. आणि आम्ही ती लातूरला, चिपळूणला, अकोल्याला पोरांना शिकवतो आहोत, न आल्यास गुण कापतो आहोत! १९२५ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी इंग्रजी आणि अमेरिकन नाटकांतली वाक्ये प्रत्यक्ष मोजून पाहिली. पहिल्या पुरुषातसुद्धा ‘विल’चेच पारडे जड निघाले. बोलताना तर दोन्ही शब्द झिजून एका ‘ल्’वर येतात, ‘आय्‌ल’, ‘वील्’, ‘हील्’. साहेबाच्या तोंडातच जो भेद उरत नाही, तो आमच्या उत्तरपत्रिकेत तांबड्या शाईने उमटत होता.

ह्यावर एक जुना विनोद हमखास सांगितला जातो. एक आयरिश माणूस (कधी तो स्कॉच असतो, कधी फ्रेंच, सांगणारा इंग्रज असला म्हणजे झाले) नदीत पडला आणि ओरडू लागला, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ काठावरच्या व्याकरणशुद्ध इंग्रजांनी नियम लावला: हा बुडण्याचा निश्चय करून बसला आहे आणि कोणी वाचवू नये अशी आज्ञा करतो आहे. तेव्हा त्यांनी टोप्या उतरवल्या आणि त्याला आदरपूर्वक बुडू दिले. माझ्या लहानपणी हा विनोद बुडणाऱ्याला हसण्यासाठी सांगत. मला तो नेहमी काठावरच्यांवरचा वाटत आला आहे.

आणि हा नियम थोरामोठ्यांना लावून पाहा, काय होते ते. ४ जून १९४० रोजी चर्चिल पार्लमेंटात उभे राहिले. डंकर्कहून सैन्य नुकते परत आले होते. आम्ही किनाऱ्यावर लढू, रस्त्यांत लढू, टेकड्यांत लढू, शरण जाणार नाही, असे ते म्हणाले, आणि दर वेळी शब्द घातला ‘शॅल’. पहिल्या पुरुषात ‘शॅल’! आमच्या मास्तरांच्या हिशेबाने हे निव्वळ भाकीत झाले, ‘उद्या बहुधा ढगाळ राहील’ अशा जातीचे. निश्चय दाखवायचा तर ‘विल’ हवा होता. पण जगाने तो निश्चयच ऐकला. दोन वर्षांनी, १९४२ मध्ये, फिलिपाइन्स सोडून आलेल्या जनरल मॅकार्थरने ‘आय शॅल रिटर्न’ म्हटले, तेही जगाने प्रतिज्ञा म्हणूनच ऐकले, आणि १९४४ मध्ये तो लेटेच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा प्रतिज्ञा पुरी झाली असेच मानले. कोणी म्हटले नाही, की याचे भाकीत खरे ठरले.

अमेरिकेतल्या नीग्रो चळवळीचे जे गाणे साऱ्या जगात गेले, त्याची तर हकीकतच गमतीची आहे. १९४८ मध्ये ते छापले गेले तेव्हा नावात ‘विल’ होते. पुढे त्याचे ‘शॅल’ झाले. ह्या बदलाचे श्रेय पुष्कळदा पीट सीगर ह्या गायकाला देतात. तो स्वतः म्हणे, की ते मी केले असेन किंवा सेप्टिमा क्लार्क ह्या शिक्षिकेने केले असेल. आणि कारण काय, तर ‘शॅल’ म्हणताना तोंड चांगले उघडते! वॉलिसचे कोष्टक कोणी विचारले नाही. गळ्याला जे सोईचे ते घेतले, आणि लाखो माणसांनी त्यांत आपला निर्धार ओतला.

इथे एखादे चतुर वाचक म्हणतील, ‘बाई, मग दोन्ही शब्द सारखेच म्हणा आणि मोकळ्या व्हा!’ तसे नाही. पुरुषावरून केलेला भेद लटका आहे. अर्थावरून असलेला भेद खरा आहे, आणि तो हजार वर्षांहून जुना आहे.

‘विल’ची मूळ धातू इच्छेची. जुन्या इंग्रजीत तिचा अर्थ हवे असणे, मनात असणे. जर्मन भाषेत आजही ‘इश विल’ म्हणजे ‘मला हवे आहे’. होईन-करीनशी त्याचा संबंध नाही. म्हणूनच मरणाऱ्या माणसाची इच्छा कागदावर उतरली की तिला ‘विल’ म्हणतात, आणि आपण त्याला इच्छापत्र म्हणतो ते अगदी बरोबर म्हणतो. ‘शॅल’ची मूळ धातू निराळ्या घरातली. ती कर्जाची आहे. जुन्या इंग्रजीत ‘शॅल’ म्हणजे ‘देणे लागतो’. चौसरच्या काळापर्यंत, म्हणजे चौदाव्या शतकातही, तो ह्या अर्थाने सापडतो. जर्मनमधला ‘शुल्ड’, म्हणजे कर्ज आणि अपराध, हा त्याच कुळातला. एकाच्या पोटात हौस, दुसऱ्याच्या पोटात ऋण. दोघेही झिजत झिजत भविष्यकाळाची हमाली करू लागले, कारण माणसाला जे हवे असते ते तो पुढे करतो, आणि जे देणे असते तेही त्याला पुढे फेडायचे असते. पण मूळ रक्त लोपले नाही. ‘शॅल’चे भूतकाळी रूप ‘शुड’, त्यांत ‘केले पाहिजे’ हा अर्थ अजून ठळक आहे. ‘शॅल आय?’ म्हणून विचारले की त्याचा अर्थ ‘मी करू का? तुमची आज्ञा काय?’ आणि ‘विल यू?’ म्हटले की ‘तुमची मर्जी आहे का?’ एकात आज्ञा मागितली जाते, दुसऱ्यात मर्जी विचारली जाते. हा भेद मुलाला पाच मिनिटांत कळतो, आणि तो कळायला पुरुष-वचनाचे कोष्टक लागत नाही.

आपल्याकडेही असेच आहे की! ‘मी येईन’ आणि ‘मी येणार’ हे दोन्ही भविष्यकाळच. पण लग्नाच्या आमंत्रणावर ‘येईन हं’ म्हणणारी मावशी आणि ‘येणार म्हणजे येणार’ म्हणणारी मावशी यांच्यापैकी कुणाचे पान धरायचे, हे यजमानीणबाईंना कोणी व्याकरण न शिकवता कळते. उद्या एखादा परदेशी पंडित येऊन प्रथमपुरुषी ‘ईन’ व द्वितीयपुरुषी ‘णार’ असे कोष्टक करून देईल, आणि त्यावर पोरांना नापास करू लागेल, तर आपण त्याला वेड्यात काढू. आपला ‘पाहिजे’ तर आणखी नवलाचा. ‘मला चहा पाहिजे’ ह्यात तो ‘विल’ आहे, आणि ‘मला गेले पाहिजे’ ह्यात ‘शॅल’. इच्छा आणि कर्तव्य एकाच शब्दाच्या दोन खोल्यांत राहतात, आणि आपली कधी चुकामूक होत नाही.

आता कायद्याकडे वळते. माझे खरे भांडण तिथेच आहे. बायबलाच्या १६११ सालच्या भाषांतरात दहा आज्ञा ‘शॅल’ने बांधल्या, आणि इंग्रजी कायद्यानेही आपली आज्ञा त्याच शब्दात ठेवली. तिथे ‘शॅल’ म्हणजे कर्ज: अमक्याने तमके केलेच पाहिजे. त्याच्या समोर ‘मे’ हा शब्द, म्हणजे करावेसे वाटले तर करा. आपल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात हे दोन शब्द जागोजागी आहेत. पण वापरून वापरून ‘शॅल’ इतका बोथट झाला आहे, की तो कुठे चावतो आणि कुठे नुसताच दात दाखवतो, हे वकिलांनाही न्यायालयात गेल्यावाचून कळत नाही. पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ असेल असे सांगताना ‘शॅल’ आहे; तिथे कुणावर काही कर्तव्य नाही, नुसती घोषणा आहे. सदतिसाव्या अनुच्छेदात ‘शॅल’ दोनदा येतो. एकदा तो सांगतो की मार्गदर्शक तत्त्वे कोणत्याही न्यायालयाकडून बजावून घेता येणार नाहीत. आणि दुसऱ्यांदा सांगतो की ती अमलात आणणे हे राज्याचे कर्तव्य असेल. कर्ज आहे म्हणायचे, आणि सावकाराला कोर्टाची पायरी बंद करायची!

सरकारी नोकराला शिक्षा करण्याआधी लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयी तीनशे विसाव्या अनुच्छेदात ‘शॅल’च आहे. उत्तर प्रदेशातल्या एका नोकराच्या बाबतीत हा सल्ला रीतसर घेतला गेला नाही, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ मध्ये निकाल लागला: हा ‘शॅल’ बंधनकारक नाही, निर्देशक आहे. न्यायालयाने कारणे दिली आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत. पुरा संदर्भ पाहावा लागतो हे मलाही पटते. विलायतेतही १८८० साली ऑक्सफर्डच्या बिशपाच्या खटल्यात उमरावांच्या सभेने ‘शॅल’ असलेल्या एका वाक्यातून बिशपाची निव्वळ मुखत्यारीच काढली होती. पण मग माझा प्रश्न इतकाच, की ज्या शब्दाचा अर्थ ‘केलेच पाहिजे’ की ‘केले तर बरे’ हे ठरायला सर्वोच्च न्यायालय लागते, त्या शब्दावर गोरगरिबांची कामे का टांगून ठेवायची?

आणि गोरगरिबांचे सर्वांत मोठे काम कोणते? पोराला शाळा. संविधानाच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण दहा वर्षांच्या आत देण्याची भाषा केली. संविधान १९५० च्या जानेवारीत अमलात आले, म्हणजे मुदत १९६० ला संपली. शब्द होता ‘शॅल’. पण त्याच्या शेजारी एक लहानसा शब्द बसवला होता, ‘प्रयत्न’. राज्य शिक्षण देईल असे नाही. देण्याचा प्रयत्न करील. कर्जदाराने लिहून द्यावे, की ‘मी पैसे फेडण्याचा प्रयत्न करणे लागतो’! त्याला कोण उसने देईल? १९६० आले, गेले. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितले, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शिक्षण हा हक्क आहे. २००२ मध्ये शहाऐंशीव्या दुरुस्तीने एकवीस-अ हा नवा अनुच्छेद आला. त्यांत ‘शॅल’ होता आणि ‘प्रयत्न’ गळला होता. फक्त रीत ठरवण्याची मोकळीक राज्याला ‘मे’ने दिली होती, आणि तीही सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती. तोही अनुच्छेद प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला, २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याबरोबर. दहा वर्षांचे देणे साठ वर्षांनी खात्यावर चढले. मधल्या काळात जी पोरे गुरांमागे गेली, हॉटेलात कपबशा विसळत राहिली, त्यांना पुरुषावरून ‘शॅल’ कुठे येतो हे कोणी विचारले नसेल. वाक्यातला ‘शॅल’ कशाला जोडला आहे, एवढे पाहणारे चार लोक त्या काळी जास्त असते, तर बरे झाले असते.

बाहेरच्या जगात ह्या शब्दाचा हिशेब केव्हाच सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेने १९९६ मध्ये नवे संविधान केले, तेव्हा राज्याची कर्तव्ये सांगताना ‘शॅल’ बाजूला ठेवून ‘मस्ट’ घेतला, म्हणजे ‘केलेच पाहिजे’. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांनी दिवाणी कामकाजाचे नियम २००७ मध्ये नव्याने मांडले, त्यांतून ‘शॅल’ वेचून काढला. ज्या इंग्रजांनी तो जगाला दिला, त्यांचे कायदे लिहिणारेही आता तो टाळतात. आम्ही मात्र इंग्रजी मसुद्यात तो धरून ठेवला आहे, आणि मराठी करताना त्याची आणखी दुर्दशा केली आहे.

कशी, ते पाहा. मराठी कायद्यात ‘शॅल’ला काय म्हणतात? ‘करील’, ‘असेल’, ‘देण्यात येईल’. आणि ‘मे’ला? ‘करता येईल’, ‘देता येईल’. दोन्हींच्या शेपटीला तोच ‘ईल’! एकीकडे कर्तव्य, दुसरीकडे मुभा, आणि मध्ये अंतर फक्त एका ‘ता’चे. ‘सायंकाळी पाऊस पडेल’ हे वेधशाळेचे वाक्य आणि ‘बालकास प्रवेश देण्यात येईल’ हे कायद्याचे वाक्य, ह्यांच्या क्रियापदांत काय फरक आहे? पाऊस न पडला तर वेधशाळेवर कोणी फिर्याद लावत नाही. खेड्यातली आई मुलाला घेऊन शाळेच्या कचेरीत उभी राहते, तेव्हा तिच्या हातातल्या कागदावर हक्क लिहिलेला असतो आणि तिला वाचून दाखवतात तो हवामानाचा अंदाज.

भाषांतरकारांची बाजू मी ऐकली आहे. ते म्हणतात, मराठीतही भविष्यकाळाने आज्ञा होते. होते ना! ‘तू आत्ता हात धुशील आणि मुकाट्याने पानावर बसशील,’ असे आई म्हणते तेव्हा ती भाकीत करत नसते. पण ती आज्ञा होते कशाने? आई उलथणे हातात घेऊन दारात उभी असते म्हणून. कागदाच्या दारात कोणी उभे नसते. तिथे आवाज नाही, डोळे वटारणे नाही. जे काही वजन पाडायचे ते शब्दानेच पाडावे लागते. दुसरे म्हणणे असे, की संविधानाप्रमाणे राज्याच्या कायद्याचा इंग्रजी पाठच प्रमाण मानतात, मग मराठीचा एवढा कीस कशाला? कीस अशासाठी, की न्यायमूर्ती इंग्रजी पाठ वाचतात, पण ग्रामपंचायतीतला कारकून आणि त्याच्यासमोर उभा असलेला माणूस, दोघेही मराठी पाठ वाचतात. शंभरातले नव्याण्णव तंटे न्यायमूर्तींपर्यंत पोचत नाहीत. ते त्या टेबलाशीच मिटतात किंवा मरतात.

तिसरा आक्षेप मात्र मला चिडवतो. म्हणे, ‘केलेच पाहिजे’ हे मराठीत फार उद्धट वाटते, शासनाला शोभत नाही. आपल्या भाषेत ‘करावे’ आहे, ‘केले पाहिजे’ आहे, ‘करणे भाग आहे’ आहे, ‘करणे बंधनकारक राहील’ आहे. हौसेपासून सक्तीपर्यंत सगळ्या पायऱ्या आहेत. आणि शासनाला त्या ठाऊक नाहीत असे मुळीच नाही. कोणतीही जाहीर सूचना काढून पाहा. माझ्यापुढे आत्ता पाणीपट्टीची आली आहे. तीत म्हटले आहे: नळधारकांनी रक्कम मुदतीत भरावी, पावती जपून ठेवावी, तक्रार असल्यास ती लेखी द्यावी, न भरल्यास जोडणी तोडण्यात येईल. भरावी, ठेवावी, द्यावी! आमच्या कर्तव्यांना कसा चोख विध्यर्थ सापडतो. ह्याच सूचनेच्या शेवटी त्यांच्या बाजूचे एक वाक्य आहे, की पाण्याच्या कमी दाबाबाबत योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल. आमच्या आळीतला नळ तीन वर्षे सकाळी वीस मिनिटे येतो. मी त्यांना लेखी तक्रार दिली, आणि शेवटी विनंती केली की उत्तरात ‘येईल’ हे क्रियापद कृपया वापरू नये. उत्तर आले आहे. ‘आपली सूचना विचारात घेण्यात येईल.’